सर्व्हरचा मदरबोर्ड सुरू होत नाही: तो नेमका कुठे अडला हे शोधायची पद्धत

घरच्या कॉम्प्युटरची सवय असलेला माणूस सर्व्हरच्या बोर्डासमोर बसला की पहिली चूक घाईची करतो. केबल लावतो, लगेच बटण दाबतो, पंधरा सेकंद वाट बघतो आणि बोर्ड मेला असं ठरवून रॅम उपसायला लागतो. पुष्कळदा बोर्ड धडधाकट असतो, फक्त त्याच्यावरचा दुसरा कॉम्प्युटर अजून जागा व्हायचा असतो.

हा दुसरा कॉम्प्युटर म्हणजे बीएमसी, बेसबोर्ड मॅनेजमेंट कंट्रोलर. बहुतेक बोर्डांवर ती अ‍ॅस्पीड कंपनीची चिप असते: जुन्या बोर्डांवर एएसटी२४००, मग एएसटी२५००, अलीकडे एएसटी२६००. तिच्यात स्वतःचा एआरएम प्रोसेसर असतो, स्वतःची फ्लॅश मेमरी असते, आणि मेन प्रोसेसर झोपलेला असतानाही स्टँडबाय विजेवर (कॉर्ड लावली की बंद बोर्डालाही मिळणाऱ्या विजेवर) ती चालू राहते. सर्व्हर चालू करायचा का, पंखे किती वेगाने फिरवायचे, स्क्रीनवर चित्र कसं द्यायचं, यात तिचा हात असतो. ती तयार झाल्याशिवाय कित्येक बोर्ड पॉवर बटणाकडे लक्षच देत नाहीत.

म्हणून काय बिघडलं असेल हा प्रश्न आधी बाजूला ठेवा आणि बोर्ड कुठपर्यंत पोचला ते बघा. क्रम ठरलेला असतो. स्टँडबाय वीज येते, बीएमसी उठते, बटणावर मुख्य वीज चालू होते, प्रोसेसर रीसेटमधून बाहेर येतो, बायोस (बोर्डाचं सुरुवातीचं सॉफ्टवेअर) रॅम ओळखून तिचं ट्रेनिंग, म्हणजे सिग्नलच्या वेळेची जुळणी, करतं, मग पीसीआय कार्डं मोजली जातात आणि शेवटी डिस्क शोधली जाते. मागची पायरी पक्की झाल्याशिवाय पुढच्या पायरीवरच्या भागाला हात लावू नका. हा नियम मी पाळला नाही तेव्हा तेव्हा माझी संध्याकाळ वाया गेली आहे.

हात लावण्याआधी

कालपर्यंत चालणारा बोर्ड आज बंद पडला, की नव्याने जोडलेला बोर्ड पहिल्यांदाच सुरू होत नाही? या दोन गोष्टी एकदम वेगळ्या आहेत. पहिल्या बाबतीत काहीतरी निकामी झालंय: पॉवर सप्लाय, रॅमची एखादी पट्टी, बॅटरी, बायोसची फ्लॅश. दुसऱ्या बाबतीत बहुधा जोडणी चुकलीय किंवा सुटे भाग एकमेकांशी जुळत नाहीत. अधलामधला प्रकारही असतो. सर्व्हर जागेवरून हलवला, साफ केला, रॅम वाढवली आणि मग बंद पडला. तेव्हा शेवटी ज्याला हात लागला तिथूनच सुरुवात करा.

डिस्कवर कामाचा डेटा असेल तर सगळ्या डिस्क बाहेर काढा आणि प्रत्येकीवर तिच्या खणाचा नंबर लिहा. दहा वेळा वीज तोडून जोडण्याच्या खेळात त्यांना ओढायचं कारण नाही. कोणताही भाग काढण्याआधी पॉवर कॉर्ड भिंतीतून काढा. दोन सप्लाय असतील तर दोन्ही कॉर्ड काढा आणि बोर्डावरचा स्टँडबायचा दिवा विझेपर्यंत थांबा. एक कॉर्ड राहून गेली तर बंद दिसणाऱ्या बोर्डातही वीज खेळत असते. हातात अँटिस्टॅटिक पट्टा घाला, आणि पॉवर सप्लाय स्वतः उघडू नका.

स्टँडबाय वीज

कॉर्ड लावल्यावर, बटणाला हात न लावता, बोर्डावर निदान एक दिवा लागायला हवा. नसेल तर प्लग, कॉर्ड आणि सप्लायमागचा स्विच बघा. हसू नका, यात जाणते लोकही फसतात.

चोवीस पिनांचा नेहमीचा एटीएक्स कनेक्टर असेल तर मल्टिमीटरने तपासणी सोपी आहे. ९ नंबरच्या पिनवर, म्हणजे जांभळ्या वायरवर, ५ व्होल्ट स्टँडबाय कायम असला पाहिजे. ४.७५ ते ५.२५ पर्यंत ठीक. हल्ली सगळ्या वायरी काळ्या येतात, त्यामुळे रंगावर न जाता पिन मोजा: खटका असलेल्या बाजूची रांग १३ ते २४ नंबरची. तिच्यातली १६ नंबरची पिन म्हणजे जुनी हिरवी वायर. कनेक्टर बोर्डातून काढून ही पिन शेजारच्या १५ किंवा १७ ला, म्हणजे ग्राउंडला, जोडली की सप्लाय चालू व्हायला हवा. मग १२ व्होल्टची लाइन ११.४ ते १२.६ मध्ये आणि ३.३ ची लाइन ३.१४ ते ३.४६ मध्ये आहे का ते बघा. ८ नंबरची पिन ‘पॉवर गुड’ची. सप्लाय स्थिर झाला की तिच्यावर सुमारे ५ व्होल्ट येतात.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. मोकळा सप्लाय मीटरवर देखणा आकडा दाखवतो आणि भार पडला की मान टाकतो. ही तपासणी सप्लाय मेल्याचं सांगू शकते, तो निरोगी असल्याची हमी देऊ शकत नाही. संशय असेल तर दुसरा सप्लाय लावूनच खात्री होते. ब्रँडेड सर्व्हरमध्ये हा कनेक्टर बहुधा नसतोच. तिथे सप्लायवरचा दिवा बघा आणि दोन असतील तर आलटून पालटून एकेकावर चालवून बघा. एक खराब सप्लाय कधीकधी दुसऱ्यालाही खाली ओढतो.

बीएमसीला विचारा

कॉर्ड लावल्यावर दोन-तीन मिनिटं हाताची घडी घालून बसा. अनेक बोर्डांवर बीएमसीचा एक छोटा हिरवा दिवा असतो. ती उठली की तो ठरावीक लयीत लुकलुकतो. लुकलुक सुरू झाली की मॅनेजमेंटच्या लॅन पोर्टला केबल लावा आणि तिला कोणता आयपी मिळाला ते राउटरच्या यादीत शोधा. नव्या बोर्डांवर पहिला पासवर्ड बहुधा स्टिकरवर छापलेला असतो.

आत गेल्यावर आधी इव्हेंट लॉग उघडा. ज्याला ‘सेल’ (सिस्टिम इव्हेंट लॉग) म्हणतात तो हाच. घड्याळ १९७० सालात असेल तर वेळेवर विश्वास ठेवू नका, नोंदींच्या क्रमावर ठेवा. रॅमची दुरुस्त न होणारी ईसीसी (चुका ओळखून सुधारणाऱ्या सोयीने पकडलेली) चूक असेल तर बहुधा स्लॉटचं नावही तिथेच असतं. ‘थर्मल ट्रिप’, म्हणजे अति तापून बंद पडल्याची नोंद, असेल तर बहुधा हीटसिंक नीट बसलेला नाही. ‘कॅटएर’ किंवा ‘आयईआरआर’ दिसलं तर प्रोसेसरने गंभीर चूक सांगितलीय. पण ती प्रोसेसरचीच आहे असं नाही, खराब कार्ड किंवा रॅमही ती घडवते. सेन्सरच्या पानावर व्होल्टेज बघा. बॅटरीचा आकडाही तिथे असतो.

इथूनच रिमोट कन्सोल उघडून बटण दाबता येतं. कन्सोलवर चित्र दिसतंय आणि मॉनिटरवर नाही, तर बोर्ड चालू आहे आणि तुमचं भांडण केबलशी आहे. मी एकदा तीन तास एका ‘मेलेल्या’ बोर्डाशी झुंजलो. वेगळं ग्राफिक्स कार्ड लावलं होतं, बायोसने चित्र तिकडे वळवलं होतं, आणि मी बोर्डावरच्या व्हीजीएला मॉनिटर लावून बसलो होतो.

पाच मिनिटांनंतरही बीएमसीचा दिवा लुकलुकत नसेल तर सगळ्या कॉर्ड काढा, पॉवर बटण तीस सेकंद दाबून ठेवा, दहा मिनिटं थांबा आणि पुन्हा जोडा. अडकलेली बीएमसी याने पुष्कळदा सुटते. तरीही ती उठली नाही तर बहुधा तिचं फर्मवेअर बिघडलंय किंवा तिची फ्लॅश संपलीय. काही बोर्ड अशा अवस्थेत पुढे जातात, काही जात नाहीत.

बटण दाबलं, काहीच नाही. किंवा क्षणभर चालू होऊन बंद

काहीच होत नसेल तर कॅबिनेटच्या बटणाला वगळा. बोर्डावरच्या फ्रंट पॅनलच्या पिना मॅन्युअलमध्ये बघून पॉवरच्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर जोडा. सर्व्हर बोर्डावरची पिनांची मांडणी घरगुती बोर्डासारखी नसते, अंदाजाने लावलेली केबल हमखास चुकते.

पंखे अर्धा सेकंद फिरून थांबत असतील तर बहुधा पॉवर सप्लायने धोका ओळखून हात काढून घेतलाय. इथे तीन गोष्टी बघायच्या.

पहिली, प्रोसेसरची वीज. सर्व्हर बोर्डावर आठ पिनांचे ईपीएस कनेक्टर दोन-तीन असू शकतात. एकच लावून भागेल असं गृहीत धरू नका, सगळे भरा. आणि ग्राफिक्स कार्डाची आठ पिनांची केबल इथे चुकूनही लावू नका. दिसायला ती सख्खी बहीण, पण ईपीएसमध्ये चार पिना १२ व्होल्टच्या आणि चार ग्राउंडच्या असतात, तर ग्राफिक्सच्या केबलमध्ये १२ व्होल्टच्या तीन, त्याही उलट्या बाजूला. खाचा वेगळ्या असतात, तरी जोर लावणारे लावतात आणि १२ व्होल्ट सरळ ग्राउंडला भिडतो. मॉड्युलर सप्लायच्या केबलीसुद्धा एका कंपनीच्या दुसरीला चालतील असं समजू नका. सप्लायच्या बाजूची पिनांची मांडणी सारखी असेलच असं नाही.

दुसरी, बोर्डाखालचे स्टँडऑफ, म्हणजे बोर्ड उचलून धरणारे छोटे खांब. एसएसआय-ईईबी आणि ई-एटीएक्स या दोन्ही मापांचे बोर्ड १२ बाय १३ इंचांचे असू शकतात, पण स्क्रूची भोकं सगळी जुळत नाहीत. जिथे भोक नाही तिथे राहिलेला एक पितळी स्टँडऑफ बोर्डाच्या पाठीला टेकला की शॉर्ट झालाच. बोर्ड बाहेर काढून कोऱ्या पुठ्ठ्यावर ठेवा आणि तिथे चालवून बघा. अँटिस्टॅटिक पिशवीवर नको, तिची बाहेरची बाजू वीज वाहून नेऊ शकते.

तिसरी, बोर्डावरचाच शॉर्ट. सगळी वीज काढून ईपीएस सॉकेटच्या १२ व्होल्ट आणि ग्राउंडच्या पिनांमध्ये रोध मोजा. तिथे जवळपास शून्य आला तर बहुधा व्होल्टेज रेग्युलेटरमधला एखादा मॉसफेट (विजेचा स्विच असलेली छोटी चिप) शॉर्ट आहे, आणि हे काम चिप बदलणाऱ्या कारागिराचं. पण प्रोसेसरच्या कोअरच्या लाइनवर, म्हणजे चोक कॉइलपाशी, एक ओहमपेक्षाही कमी आकडा आला तर घाबरू नका. मोठ्या प्रोसेसरची तीच तऱ्हा असते. चांगले बोर्ड या एका आकड्यापायी भंगारात गेल्याचं मी पाहिलंय.

चालू होऊन पाच-दहा सेकंदांनी बंद होत असेल तर संशय हीटसिंकवर: प्लॅस्टिकची फिल्म काढायची राहिली, किंवा तो तिरका बसला.

पंखे फिरतात, स्क्रीन काळी

बहुतेक वेळ इथेच जाणार आहे, आणि दोषी बहुतेकदा रॅम किंवा सॉकेट निघतं.

आधी वाट बघा, कारण रॅम जास्त असेल तर ट्रेनिंगला कित्येक मिनिटं लागतात. डीडीआर५ च्या बोर्डावर, सगळे स्लॉट भरलेले असताना, पहिल्या खेपेला दहा मिनिटं काळी स्क्रीन दिसली तरी तो बिघाड नसू शकतो. मधेच वीज तोडलीत की मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

बोर्डावर दोन आकड्यांचा पोस्ट कोड (पोस्ट म्हणजे सुरू होतानाची स्वतःची तपासणी) दिसत असेल तर तो शेवटी कुठे थांबला ते लिहून ठेवा. काही बीएमसी तो वेबपानावरही दाखवतात. सुरुवातीपासून ‘००’ किंवा ‘एफएफ’ हललाच नाही तर प्रोसेसरने बायोसची पहिली ओळही वाचलेली नाही, तेव्हा प्रोसेसर, सॉकेट, त्याची वीज किंवा बायोसची चिप यांपैकी काहीतरी. एएमआय कंपनीच्या बायोसमध्ये ५० ते ५५ हे रॅमच्या तक्रारींचे कोड आहेत: ५१ म्हणजे रॅमच्या पट्टीवरची माहिती वाचता आली नाही, ५३ म्हणजे वापरण्याजोगी रॅमच नाही, ५५ म्हणजे रॅम बसवलेलीच नाही. ९२ ते ९४ च्या आसपास थांबलं तर कार्डांकडे वळा. कोड भराभर बदलत असतील तर बोर्ड जिवंत आहे, त्याला काम करू द्या.

आता बोर्ड नागवा करा. पहिला प्रोसेसर, हीटसिंक आणि पंखा, रॅमची एकच पट्टी, बाकी सगळं बाहेर. दोन सॉकेटांच्या बोर्डावर एकच प्रोसेसर लावायचा तर तो पहिल्याच सॉकेटमध्ये लागतो. दुसऱ्या सॉकेटची रॅम आणि त्याला जोडलेले पीसीआय स्लॉट तेव्हा मेलेलेच दिसतील. एकुलती पट्टी कोणत्या स्लॉटमध्ये घालायची ते मॅन्युअलमध्येच बघा, मनाने ठरवू नका. एका चॅनलला दोन स्लॉट असतील तर पहिला मान बहुधा प्रोसेसरपासून दूरच्या स्लॉटचा असतो.

रॅमचा प्रकार हा नव्या जोडणीतला मोठा सापळा. डीडीआर४ मध्ये रजिस्टर्ड, लोड रिड्यूस्ड आणि साधी अनबफर्ड या तिन्ही पट्ट्या एकाच स्लॉटमध्ये छान बसतात, पण बोर्डाला हवी तीच चालते आणि त्यांची सरमिसळ चालत नाही. डेस्कटॉपच्या जातकुळीतल्या प्रोसेसरच्या बोर्डांना, उदाहरणार्थ इंटेलच्या झिऑन ई३ च्या बोर्डांना, अनबफर्ड ईसीसी लागते. तिथे मोठ्या सर्व्हरमधून काढलेली रजिस्टर्ड रॅम घातलीत तर काळी स्क्रीन ठरलेली. डीडीआर५ मध्ये खाचच वेगळ्या जागी आहे, त्यामुळे निदान एवढी चूक टळते. संपर्क पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सोडणारं कापड घ्या. खोडरबर कितीही लोकप्रिय असला तरी सोन्याचा पातळ मुलामा घासतो आणि कण मागे सोडतो.

एका पट्टीवरही काही होत नसेल तर प्रोसेसर काढा. सॉकेटवर टॉर्चचा प्रकाश तिरका मारून वेगवेगळ्या कोनांतून बघा. सगळ्या पिनांची चमक एका रांगेत दिसायला हवी. एएमडीच्या एपिक प्रोसेसरच्या एसपी३ सॉकेटमध्ये ४०९४ पिना आहेत, एसपी५ मध्ये ६०९६. एक वाकली तरी कधी एखादा मेमरी चॅनल गायब होतो, कधी सगळंच ठप्प होतं.

सॉकेटवरचा दाब हे प्रकरण तर मी विसरूच शकत नाही. एका एपिक बोर्डावर आठपैकी दोन चॅनल दिसत नव्हते आणि दर तिसऱ्या वेळी तो सुरूच होत नव्हता. रॅम बदलली, बायोस बदललं. अखेर प्रोसेसर काढून पुन्हा बसवला आणि सॉकेटवर छापलेल्या १-२-३ या क्रमाने टी२० टॉर्क्सचे स्क्रू नीट आवळले. आठही चॅनल हजर. आधी मीच ते भलत्या क्रमाने आवळले होते. उघडताना क्रम उलटा, ३-२-१. टॉर्कचा पाना मिळाला तर उत्तमच, कारण हाताला कळणारं ‘घट्ट’ आणि सॉकेटला हवं असलेलं ‘घट्ट’ यांत फरक असतो.

प्रोसेसर बोर्डाला चालतो का हेही बघा. सॉकेट तेच म्हणजे बायोसला तो ओळखीचा असेलच असं नाही. झिऑन ई५ व्ही३ च्या काळातल्या बोर्डावर व्ही४ घालायचा तर आधी बायोस नवं लागतं. पहिल्या पिढीच्या कित्येक एपिक बोर्डांवर १६ एमबीची बायोस चिप होती. पुढच्या पिढ्यांना ३२ एमबीची लागली, तेव्हा काही बोर्डांची नवी आवृत्तीच काढावी लागली. वापरलेला एपिक घेताना आणखी एक खोच: काही कंपन्या आपल्या सर्व्हरमधला प्रोसेसर प्लॅटफॉर्म सिक्युअर बूटने स्वतःच्या बोर्डाला कायमचा बांधून टाकतात. तो दुसऱ्या कंपनीच्या बोर्डावर सुरू होत नाही, आणि ही गाठ सुटत नाही.

एका पट्टीवर बोर्ड उठला तर एकेक वस्तू परत घाला आणि दर वेळी सुरू करून बघा. एकच पट्टी वाढवा, एकच कार्ड लावा. काही जुनी रेड कार्डं (अनेक डिस्क एकत्र चालवणारी) सामान्य बोर्डात लावली की रॅमच दिसेनाशी होते किंवा पोस्ट अडकतं. कारण त्यांच्या एसएमबसच्या (भागांनी एकमेकांशी बोलायच्या संथ वाटेच्या) दोन ओळी बोर्डाच्या रॅम वाचण्याच्या कामात लुडबूड करतात. कार्डाच्या बी५ आणि बी६ या दोन संपर्कांवर उष्णता सोसणारी चिकटपट्टी लावली की भांडण मिटतं. उपाय ओबडधोबड आहे, पण चालतो.

सेटिंग, बॅटरी आणि बायोसची चिप

सीएमओएस, म्हणजे बायोसने जपलेली सेटिंगं, साफ करणं हा लोकांचा पहिला उपाय असतो. मी तो इतक्या उशिरा सांगतोय, कारण त्याने रेड मोड, बूटचा क्रम, फोर-जीच्या वरचं डिकोडिंग (कार्डांना चार जीबीच्या वरचे मेमरी पत्ते देणं) अशी सगळी मांडणी पुसली जाते आणि एका बिघाडात दुसरा मिसळतो. करायचं तेव्हा कॉर्ड काढून, बॅटरी काढून, मॅन्युअलमधल्या दोन ठिपक्यांना किंवा जम्परला काही सेकंद जोडा. वीज चालू असताना नाही. सीआर२०३२ बॅटरी ३ व्होल्टची असते. २.८ च्या खाली गेलेली परत घालू नका.

बायोस अपडेट अर्धवट राहिलं असेल तर आधी बीएमसीच्या वेबपानावरून बायोस पुन्हा लिहिता येतं का ते बघा. मेन प्रोसेसर उठत नसतानाही हे होतं, आणि सर्व्हर बोर्डाचा हा मोठा फायदा आहे. काही कंपन्या या सोयीसाठी वेगळा लायसन्स मागतात. काही बोर्ड ठरावीक नावाची फाइल पेनड्राइव्हवर ठेवली की स्वतःच दुरुस्त होतात. काहीच जमलं नाही तर सीएच३४१ए सारखा स्वस्त प्रोग्रामर आणि क्लिप. चिप ३.३ व्होल्टची की १.८ ची ते तिच्यावरच्या नंबरावरून आधी शोधा. लिहिण्याआधी जुना मजकूर दोनदा वाचा आणि दोन्ही फाइली तंतोतंत जुळल्या तरच पुढे जा. मॅक अ‍ॅड्रेस आणि सिरीयल नंबर त्याच चिपमध्ये असू शकतात, म्हणून ती जुनी प्रत जपून ठेवा.

इंटेलच्या अ‍ॅटम सी२००० प्रोसेसरचा छोटा बोर्ड असेल तर वरचं निम्मं वाचायची गरज नाही. या प्रोसेसरमधला एलपीसी (संथ चिपांशी बोलायच्या वाटेच्या) घड्याळाचा सिग्नल वापरात झिजून बंद पडू शकतो आणि मग बोर्ड उठत नाही. हा दोष २०१७ मध्ये एव्हीआर५४ या क्रमांकाने जाहीर झाला आणि सी० स्टेपिंगमध्ये, म्हणजे चिपच्या सुधारित आवृत्तीत, सुधारला गेला. बंद पडलेले काही बोर्ड त्या ओळीवर एक पुल-अप रेझिस्टर जोडून लोकांनी उठवले आहेत. तशा बोर्डावरचा डेटा काढून घ्यावा, पुन्हा भरवसा ठेवू नये.

पोस्ट होतं, पण डिस्कवरून सुरू होत नाही

मग बोर्ड सुटला. बूटच्या यूईएफआय (नव्या) आणि लेगसी (जुन्या) पद्धतींपैकी कोणत्या मोडमध्ये सिस्टिम बसवली होती ते आठवा, बूटचा क्रम लावा, डिस्कचा कंट्रोलर आधी ज्या मोडमध्ये होता त्यातच ठेवा. सीएमओएस साफ केल्यावर नेमकं हेच बदललेलं असतं.

बोर्डावर फुली मारण्याआधी

सप्लाय बदलून, दुसरी रॅम घालून, सॉकेट तपासून आणि बायोस पुन्हा लिहूनही ‘००’ हलत नसेल तर उरतात प्रोसेसर आणि बोर्ड. तुमचा प्रोसेसर दुसऱ्या चांगल्या बोर्डावर घालून बघा. चांगला प्रोसेसर या संशयित बोर्डावर घालायची हौस नको. रेग्युलेटर शॉर्ट असेल तर तोही जाईल.

आणि बोर्ड उठलाच, तर झाकण लगेच लावू नका. बायोसमध्ये सगळी रॅम मोजून घ्या, घड्याळ लावा, इव्हेंट लॉग साफ करा आणि रात्रभर मेमरी टेस्ट चालू ठेवा. सकाळी कोऱ्या लॉगमध्ये एक जरी नवी ईसीसी नोंद दिसली तर तो स्लॉट लिहून घ्या, पट्टी दुसऱ्या स्लॉटमध्ये घाला आणि टेस्ट पुन्हा लावा. नोंद पट्टीबरोबर सरकली तर पट्टी खराब. जुन्याच स्लॉटवर राहिली तर पुन्हा सॉकेट उघडा आणि टॉर्च घ्या.